आत्याचे बावीस अंश

माझ्या आत्याला सरळ उत्तर देता येत नाही. खोटं बोलते असं नाही, उत्तरच देत नाही. कात्री कुठे आहे विचारलं तर म्हणेल, "शेवटचं काय कापलंस ते आठव." लहानपणी मी गणित घेऊन तिच्याकडे गेलो की ती पहिल्या ओळीवर बोट ठेवायची आणि गप्प बसायची. आई कळवळून म्हणायची, "वन्सं, सांगून टाका हो त्याला, झोपेला आलाय." त्यावर आत्याचं ठरलेलं, "आज सांगितलं तर उद्या पुन्हा विचारेल." मी मुळातच तापट आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत. या बाईच्या हाताखाली वाढलेला माणूस थंड डोक्याचा निघाला असता तरच नवल होतं.

ती आमच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही, आणि विचारून उत्तर मिळालं नसतंच. चोवीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा तिच्याबरोबरच्या बायका घरी बसल्या, नातवंडांत रमल्या. आत्याने एकोणपन्नासाव्या वर्षी एक जुना कॉम्प्युटर आणला, जेवायच्या टेबलावर मांडला आणि प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. त्या कॉम्प्युटरचा पंखा इतका घरघरायचा, की खाली आम्हाला वाटायचं वर कुणी पाहुणे घोरतायत. "या वयात हे काय खूळ!" असं मी चारचौघांत बोललोही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. तीन वर्षांनी तीच बाई माझ्या कामाच्या ठिकाणी कामाला आली, आणि तिचं नाव मालकीणबाईंना सुचवलं ते मीच.

आमची रोपवाटिका आहे. काचघरांत भाज्यांची रोपं वाढवायची आणि मळेवाल्यांना पाठवायची. मागण्या आणि गाड्या मी बघतो. काचघरांतून गरम पाण्याचे पाइप फिरतात, आणि ते पाणी तापतं मागच्या खोलीतल्या बॉयलरवर. त्या बॉयलरपाशी एकतीस वर्षं एकच माणूस उभा आहे. त्याला सगळे वाफोबा म्हणतात, तोही स्वतःला तेच म्हणतो. वाफोबा पाइपवर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "सतरा." काचघरातला थर्मामीटर बघितला तर सतरा, फार तर साडेसतरा. पण मालकीणबाईंना आता राखण यंत्राकडे द्यायची होती, आणि त्या यंत्राला शहाणपण शिकवायचं काम आत्याकडे आलं.

मला वाटलं, आता या दोघांची जुंपणार. झालं उलटंच. आत्या पहिला आठवडाभर बॉयलरच्या खोलीत वही घेऊन बसली आणि वाफोबाला प्रश्न विचारत राहिली. त्याने तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. एकतीस वर्षांत त्या खोलीत खुर्ची नव्हती. तो तिला ताई म्हणायला लागला, ती त्याला दादा. कामाबद्दल आपल्याला कुणी एवढं विचारतंय, याचंच त्याला अप्रूप होतं.

तिचा प्रोग्रॅम मला तेव्हा कळला नव्हता, पण त्यातली खोच तिने मला एकदा डबा खाताना समजावली होती. फंक्शन म्हणजे एखादं काम करायची रीत, नाव देऊन लिहून ठेवलेली. तिने एक मुख्य फंक्शन केलं होतं, त्याचं नाव राखण. दर दहा मिनिटांनी काचघराची ऊब बघायची आणि सोळाच्या खाली गेली तर बॉयलर चालू करायचा. पण प्रत्येक काचघराची मोजणी वेगळी, तारा वेगळ्या, झडपा वेगळ्या. म्हणून राखणीला ती दोन फंक्शनं हातात द्यायची. ऊब कशी मोजायची याचं एक, आणि कमी पडली तर काय करायचं याचं दुसरं.

"फंक्शनला फंक्शन द्यायचं?" मी वैतागून म्हणालो. "सरळ आकडा द्यायचा सोडून?"

"आकडा म्हणजे निरोप," आत्या म्हणाली. "एक्स्चेंजवर लोक म्हणायचे, बाई, एवढा निरोप सांगा. मी कधी सांगितला नाही. मी लाईन जोडून द्यायचे. निरोप त्या घटकेपुरता खरा असतो. लाईन जोडून दिली की माणूस हवं तेव्हा स्वतः विचारतो. राखणीला मी आकडा देत नाही, आकडा विचारायची सोय देते."

आणि हे सगळं एका कंसावर चालतं म्हणे. फंक्शनच्या नावापुढे रिकामा कंस लावला की यंत्र ते काम तिथल्या तिथे करून टाकतं आणि उत्तर पुढे पाठवतं. कंस न लावता नुसतं नाव लिहिलं की रीतच्या रीत पुढे जाते. कंस म्हटल्यावर मला तोपर्यंत एकच ठाऊक होता, भाच्यांच्या जिवावर उठलेला मामा. मी मान डोलावली आणि विषय संपवला.

यंत्र दीड वर्ष उत्तम चाललं. फक्त सुरुवातीला एक घोळ झाला. यंत्राने बॉयलर लावला आणि वाफोबानेही सवयीने लावला, त्यात एका काचघरातली मिरचीची रोपं माना टाकून बसली. तेव्हा मालकीणबाईंनी हुकूम काढला की यंत्राच्या कामात वाफोबाने हात घालायचा नाही, शंका आली तर ताईंना फोन करायचा. त्याच्याकडे बॉयलरची साफसफाई राहिली आणि संध्याकाळी काचघरांचे झरोके लावणं राहिलं.

मग सहावं काचघर उभं राहिलं. त्यात काकडीची नऊ हजार रोपं, आणि काकडी म्हणजे जरा गार लागलं की संपली. आत्याने भर दुपारी ते काचघर यंत्राला जोडलं. पडद्यावर आकडा आला, बावीस. दुसऱ्या दिवशी बावीस, तिसऱ्या दिवशीही बावीस. हवा उबदार होती, कुणाला काही खटकलं नाही. "बघ, जराही हलत नाही," आत्या मला म्हणाली. कधी नव्हे ते मी तिचं कौतुक केलं. आम्हा दोघांनाही त्या न हलणाऱ्या आकड्याचा अभिमान वाटत होता, हे आज आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाचव्या संध्याकाळी वारं फिरलं. सकाळी सहाव्या काचघराचं दार उघडलं तर नऊ हजार रोपं भिजल्या कागदासारखी आडवी झाली होती.

मालकीणबाईंनी यंत्रातली नोंद काढून बघितली. रात्रभर बावीस. म्हणजे ऊब होती, तरी रोपं गारठली. मग त्यांच्या मते एकच शक्य होतं. झरोके उघडे राहिले आणि वारं थेट रोपांवर आलं. झरोके लावायचं काम वाफोबाचं. त्याला विचारलं तेव्हा तो आधी म्हणाला, "लावले होते." मग घुटमळला. मग म्हणाला, "लावले असतील, बाई. आता मला माझीच खात्री नाही." झालं. एवढं पुरलं. सोमवारी सकाळी नऊ वाजता येऊन कामावरून कमी केल्याचं पत्र घेऊन जा, असं त्याला सांगितलं गेलं. वाफोबाने वाद घातला नाही. खाली मान घालून बॉयलर पुसत राहिला.

शुक्रवारी दुपारी आत्याने सहाव्या काचघराचा प्रोग्रॅम उघडला. मी शेजारीच गाड्यांची यादी करत होतो. सहज वर बघितलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि पडद्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघत होती. तिला चष्म्याशिवाय काहीही दिसत नाही.

"अरे," ती म्हणाली, "मी उत्तर देऊन टाकलं."

पाच काचघरांसाठी तिने मोजायच्या फंक्शनचं नुसतं नाव दिलं होतं. सहाव्याला नावापुढे कंस पडला होता. त्या दुपारी यंत्राने तिथल्या तिथे ऊब मोजली, बावीस भरली, आणि राखणीच्या हातात मोजायची रीत न जाता तो बावीस पडला. पुढचे पाच दिवस राखण दर दहा मिनिटांनी इमाने इतबारे तोच बावीस बघत राहिली. बॉयलर लावायची वेळ तिच्या लेखी आलीच नाही.

"मग यंत्राने तक्रार कशी केली नाही?" मी विचारलं. "रीतीच्या जागी आकडा आला तर अडायला नको?"

"अडलं असतं. मीच अडू दिलं नाही. सुरुवातीला चाचणीसाठी मी एक सोय ठेवली होती, की रीत दिली नाही आणि आकडा दिला तर तोच धरून चालायचं. काढून टाकायची राहिली."

इथवर ठीक होतं. चूक कुणाच्या हातून होत नाही? पण पुढे ती जे बोलली ते तिच्या तोंडून निघता निघेना. वारं फिरलं त्या संध्याकाळी साडेसातला वाफोबाने तिला घरी फोन केला होता. "ताई, सहाचा पाइप गार लागतोय." आत्याने घरच्या कॉम्प्युटरवर दिसणारा काचघराचा आकडा बघितला आणि सांगितलं, "दादा, बावीस आहे, निवांत घरी जा." वर हसून म्हणाली होती, "तुमचेच हात गारठले असतील."

"आणि त्याने हे कुणाला सांगितलं नाही," आत्या म्हणाली. "मालकीणबाईंना नाही, कुणालाच नाही. का सांगितलं नसेल?"

मला त्याचं काही पडलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की गोष्ट आम्हा दोघांत आहे. मी उठून दार लोटलं आणि म्हणालो, "आत्या, ती सोय आणि तो कंस दोन्ही काढ आणि गप्प बस. आपण होऊन हात दाखवून अवलक्षण कशाला? तुला या वयात दुसरं काम कोण देणार? आणि तुझं नाव मी सुचवलंय, माझं काय होईल याचा विचार कर."

"आणि दादांचं?"

"त्यांना दुसरीकडे मिळेल काम."

"एकसष्टाव्या वर्षी?"

मी आवाज चढवला. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं आणि मग तिची जुनी खोड केली. उत्तर दिलं नाही. चष्मा चढवला, पिशवी उचलली आणि घरी गेली. शनिवारी, रविवारी ती खाली आली नाही. वर पंखा घरघरत होता. मी दोनदा जिन्यापर्यंत गेलो आणि दोनदा परत फिरलो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो मी, आणि तेही सख्ख्या आत्याच्या मायेचं नाव पुढे करून.

सोमवारी नऊला दहा कमी असताना ती मालकीणबाईंच्या खोलीत शिरली. मागोमाग मी गेलो, कारण तिला एकटीला जाऊ देण्याइतका मी अजून निर्ढावलो नव्हतो. वाफोबा आधीच येऊन भिंतीशी उभा होता. धुतलेला शर्ट घातला होता. टेबलावर पत्र होतं, पेनही शेजारी ठेवलेलं.

"झरोक्यांचा प्रश्नच नाही," आत्या म्हणाली. "चूक माझी आहे." आणि तिने सांगितलं. कंस, आकडा, काढायची राहिलेली सोय, सगळं. मालकीणबाई ऐकत होत्या, पण कपाळावरच्या आठ्यांवरून कळत होतं की काही शिरत नाहीये.

"म्हणजे नेमकं काय झालं?" त्या म्हणाल्या. "मला यंत्राची भाषा नको."

"तुम्ही मला म्हणालात, पोराला ताप आहे, डॉक्टरला फोन जोडून द्या. आणि मी फोन जोडायच्या ऐवजी डॉक्टरला सांगितलं, दुपारी तर पोरगं बरं होतं. डॉक्टर पाच दिवस तेच धरून बसले. असं झालं."

मालकीणबाईंनी पेन बाजूला सारलं. मग आत्या म्हणाली, "आणि दादांनी त्या संध्याकाळी मला फोन केला होता. पाइप गार आहे म्हणाले. मी त्यांना घरी पाठवलं."

"खरं का रे?" मालकीणबाई वाफोबाकडे वळल्या. "मग हे तू आधी का नाही बोललास? तिला वाचवत होतास?"

"नाही बाई," वाफोबा गडबडून म्हणाला. "वाचवायचं काय त्यात? ताईंचा आकडा बावीस होता. मला वाटलं, माझाच हात गेला. वय झालं. हातच कळेनासा झाला तर झरोके तरी लावले असतील कशावरून?" त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "शनिवारी डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी सुया टोचून बघितल्या, गरम गार लावून बघितलं. हाताला काही झालेलं नाही म्हणाले. पण मला काही ते खरं वाटलं नाही."

आत्याने त्याच्या हातातला कागद घेतला आणि वाचला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण मला त्या माणसाच्या हाताकडे बघवेना.

मालकीणबाईंनी पत्र उचललं, फाडलं आणि टोपलीत टाकलं. मग आत्याला म्हणाल्या, "तुम्हाला काढलं तर पुढच्या वेळी मला सांगायला कोण येईल? पण यापुढे तुमचं लिहिलेलं दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय यंत्रात जायचं नाही." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणून मी अडतिसाव्या वर्षी कंस वाचायला शिकलो. आत्याने शिकवलं म्हणजे कसं शिकवलं असेल, ते सांगायला नको.

बाहेर आल्यावर आत्याने वाफोबाला थांबवलं. "दादा, पुन्हा असं झालं, तुमचा हात एक म्हणाला आणि माझं यंत्र दुसरंच, तर कुणाचं ऐकाल?"

वाफोबाने प्रामाणिकपणे विचार केला. "तुमचंच, ताई," तो म्हणाला.

आत्या त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा बॉयलरच्या खोलीत जाऊन बसली. गार वाटलं तर आधी कुठली झडप उघडता, किती वेळ थांबता, परत हात कुठे लावता, हे सगळं वाफोबाला विचारलं आणि तो सांगेल तसं लिहून घेतलं. त्याचं तिने एक फंक्शन केलं आणि राखणीला दोनाच्या जागी तीन फंक्शनं दिली. तिसरं वाफोबाचं. खोलीच्या भिंतीवर एक हिरवं बटण बसवलं. ते दाबलं की यंत्राने आकडा बघायचा नाही, वाद घालायचा नाही, वाफोबाच्या रीतीने काम करायचं. मालकीणबाईंनी आपला जुना हुकूमही मागे घेतला. सगळं मी वाचलं, कंसासकट. बरोबर होतं. वाफोबाने बटण रोज पुसून लख्ख ठेवलं आणि दोन महिने त्याला बोट लावलं नाही.

एका संध्याकाळी मी वर आत्याकडे चहा पीत होतो. फोन वाजला. तिने आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"ताई, सहाचा पाइप गार लागतोय."

मी पडद्याकडे बघितलं. एकोणीस. खोटा वगैरे नाही, चांगला हलता, ताजा एकोणीस. आत्यानेही बघितला, आणि हात पुढे करून पडदा भिंतीकडे फिरवला.

"तुमचा हात काय म्हणतो, दादा?"

"गार म्हणतो. पण यंत्र काय म्हणतंय?"

"ते मी सांगणार नाही."

पलीकडे नुसता बॉयलरचा आवाज येत राहिला. "मग बटण दाबू का, ताई?"

आत्याने फोन ठेवून दिला. मी म्हणालो, "अगं, एकोणीस आहे, उगाच..." तिने मला हाताने गप्प केलं. आम्ही बसून राहिलो. फोन पुन्हा वाजेल असं मला वाटत होतं, तिलाही वाटत असणार. वाजला नाही. दोन मिनिटांनी तिने पडदा हळूच आपल्याकडे वळवला. सहाव्या काचघरापुढे लाल खूण उमटली होती, आणि खाली अक्षरं होती: बॉयलर चालू, हाताने.

"दाबलं," आत्या म्हणाली. मग ती रडायला लागली, आणि मी उठून गार झालेला चहा पुन्हा गॅसवर ठेवला.